अल्विनाचा डबा चुकला

माझी नणंद अल्विना हायपल हिच्या तळघरात कुणी कॉफीचा कप घेऊन उतरलं, की ती त्याला तिथल्या तिथं वर पिटाळायची. तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रूबेनला तर तिनं एकदा कपासकट अंगणात घालवलं होतं. "इथं काय भरतात ते ठाऊक आहे ना तुला? मग तोंड घेऊन ये, कप घेऊन येऊ नकोस!" रूबेन वर येऊन मला म्हणाला, "आमच्या आईची जागा रिकामी नाही राहिली बघ."

सगळी हयात तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. लग्न केलं नाही. आमच्या गावात कुणी गेलं की चर्चच्या तळघरात मागाहून जे जेवण होतं, त्यातलं बटाट्याचं सॅलड अल्विनाच्याच हातचं. आणि दर मंगळवारी खडीच्या खाणीत जी पिस्तुलाची नेमबाजी चालायची, तिथं ती पुरुषांच्या नाकावर टिच्चून पहिली यायची. काडतुसं घरची. तिच्या तळघरात टेबलाला बोल्टानं आवळलेलं निळं यंत्र होतं. त्याचा दांडा एकदा खाली ओढला, की खालची गोल ताटली एक घर पुढं सरकायची. एका घरात रिकाम्या पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसायची, दुसऱ्यात वरच्या नरसाळ्यासारख्या चाड्यातून बंदुकीची दारू पडायची, तिसऱ्यात गोळी ठासली जायची, आणि दर ओढीला एक तयार काडतूस खणकन डब्यात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं होतं, "अगं, हे तर पेरणीयंत्रच की!" ती म्हणाली, "पेरणीत चुकलं तर पीक जातं, लोरेटा. यात डोळा जातो."

अवघड काम भरण्याचं नव्हे, बदलण्याचं. पिस्तुलाचं सोडून रायफलचं भरायचं म्हणजे साचे काढा, ताटली काढा, टोप्यांची नळी बदला, आणि चाड्यातली जुनी दारू तिच्या डब्यात परत ओता. पिस्तुलाची दारू भडकन पेटते, रायफलची जरा दमानं. पिस्तुलाची रायफलीत गेली, तर पोलाद फाटतं आणि नेमबाजाच्या तोंडावर येतं. म्हणून अल्विनाचा कायदा होता : टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा फळीवर, झाकण लावून.

त्या जूनमध्ये रूबेनला नदीपलीकडं ओरिन श्लेप याच्या कुरणात जायचं होतं. तिथं प्रेअरी डॉगनी बिळं करून जमिनीची चाळण केली होती. नावाला कुत्रे, आकारानं घुशीएवढे. पण त्यांच्या बिळात पाय जाऊन ओरिनच्या दोन गाईंचे पाय मोडले होते. अशा कामाला काडतुसं ढिगानं लागतात. अल्विनानं गुरुवारी यंत्र बदललं आणि भावासाठी रायफलची पेट्या भरभरून काडतुसं केली. शनिवारी सकाळी तो ती घेऊन गेला.

दुपारी मी तिच्याकडं रुबार्बची आंबट देठं न्यायला गेले होते. ती खाली यंत्र पुन्हा पिस्तुलावर आणत होती. मी वर देठं चिरत होते. खालचा खणखणाट थांबला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली, अगदी सावकाश, जशी म्हातारी बाई चढते तशी.

तिच्या हातात पांढरी बशी होती. बशीत करड्या दारूची चिमूट.

"लोरेटा, इकडं उजेडात ये. मला सांग, यात काय दिसतंय."

मी वाकले. बारीक नळकांड्यांसारखे दाणे होते. आणि त्यांत मिसळलेले चपटे, गोल, मिरीच्या पापुद्र्यासारखे कण.

"दोन प्रकारचं दिसतंय."

"व्हय ना?" ती म्हणाली. "मलाच दिसतंय असं नाही ना?"

 मी बशी तिच्या हातातून काढून घेतली.

गुरुवारी काय झालं ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. वजनाचा काटा जुळवायला म्हणून तिनं रायफलच्या दारूचा डबा आधीच उघडला होता. चाड्यात पिस्तुलाची दारू तशीच होती. तेवढ्यात वर फोन वाजला. चर्चमधून एडना : वॉल्टर गेला, सोमवारी माती आहे, सॅलड किती करशील? ती खाली आली ती बटाटे मोजतच. चाडं सोडवलं आणि समोर उघडा होता त्या डब्यात उपडं केलं. मग तोच डबा परत चाड्यात भरला.

"काट्यावर घातली होती की मी! वजन बरोबर आलं. काट्याला वजन तेवढं कळतं गं, दारू कुठली ते नाही. आत्ता पिस्तुलाचा डबा उचलला तर हलका लागला."

"मग सगळीच काडतुसं–"

"कशात किती गेली, देवाला ठाऊक. एखादं बरं निघेल. एखादं–" तिनं पुढचं गिळलं. "चावी घे गाडीची. माझ्यानं चालवली जाणार नाही."

ओरिनच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. मोबाइल तेव्हा आमच्याकडं बँकवाल्यांच्या गाडीत असायचे, कुरणात नव्हे.

पूल ओलांडेपर्यंत अल्विना समोरच्या रस्त्याकडं बघत होती. मी मात्र बडबडत होते. तो आधी जुनी काडतुसं संपवेल, तो आळशी आहे, जेवून झोपला असेल. मला थांबताच येईना. थांबले की डोळ्यांसमोर रूबेनचा चेहरा यायचा, आणि तो चेहरा पुरा यायचा नाही.

"तो आळशी नाही," अल्विना एकदम म्हणाली. "तो हावरा आहे. नवी पेटी आधी फोडतो. नाताळला लहानपणी असंच करायचा."

ओरिनच्या कुरणाला तारेचं फाटक होतं. खांबाला तारेचा फास घट्ट अडकवलेला. तो खांद्यानं रेटल्याशिवाय सुटत नाही. मी गाडीतून उतरले आणि वाऱ्यावर बार ऐकला.

जिवंत आहे.

मी खांब रेटला. फास सुटेना. दुसरा बार झाला. पुन्हा तेच, जिवंत आहे. आणि त्याच दमात वाटलं, आता पुढचा. प्रत्येक बाराला जीव भांड्यात पडायचा आणि तिथंच बुडायचा. अल्विना हॉर्न दाबून धरत होती, पण वारा आमच्याकडं येत होता. आवाज आमच्याच अंगावर परत येत होता. तार हातात रुतली. तिसरा बार झाला, आणि तो वेगळा होता. आखूड. कडक. काठी मोडावी तसा.

त्यानंतर काही नाही.

मी फाटकाशी उभी राहिले. मेंढरासारखी. पुढचा बार व्हावा म्हणून मी देवाला विनवत होते, ज्या बाराला इतका वेळ घाबरत होते त्यासाठीच.

"लोरेटा!" अल्विना ओरडली. "घाल गाडी! फाटक गेलं खड्ड्यात!"

मी गाडी घातली. तारा तटातट तुटल्या. बिळांवरून गाडी उडत होती, अल्विना डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरून होती आणि आमच्या घरची जुनी जर्मन प्रार्थना पुटपुटत होती, जी तिला मधूनच आठवेना आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

उंचवट्याच्या मागं रूबेनचा पिकअप होता. माणूस दिसेना. मी इतक्या जोरात ब्रेक दाबला की अल्विनाचं कपाळ काचेला लागलं.

मग पिकअपमागून ठक् ठक् ऐकू आलं.

तो तिथं गुडघ्यावर बसला होता. रायफल मांडीवर, नळी मोकळ्या रानाकडं, आणि रिकामी पुंगळी बाहेर काढायची कडी अडकली होती, ती तो लाकडाच्या ठोकळ्यानं हाणत होता. आम्हाला बघून हसला.

"आल्या! दोघी! काय गं, सॅलड करपलं का?"

"ठेव ती खाली," अल्विना म्हणाली.

"अगं अडकलीय. तुझी काडतुसं आज भलतीच तिखट झालीत, ताई. ही निघाली की अजून पेटीभर–"

"रूबेन! खाली ठेव!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यानंही नसावा. त्यानं रायफल गवतात ठेवली. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, त्याच्या चष्म्याची उजवी काच काजळीनं काळी झाली होती, आणि डोळ्याखाली गालात एक काळा ठिपका रुतला होता. रक्ताचा बारीक ओघळ. तो त्यानं धूळ समजून बाहीनं पुसला असावा. बाहीवर डाग होता.

"मी पिस्तुलाची दारू रायफलच्या डब्यात ओतली," अल्विना म्हणाली. "आणि तीच भरली. सगळ्यात."

रूबेन हसायला लागला. "तू? कप घेऊन उतरू न देणारी? चल, मस्करी–" मग त्यानं तिचं तोंड बघितलं. चष्मा काढला. काच बघितली. त्याचे ओठ पांढरे पडले, आणि तो हळूच पिकअपच्या चाकाला टेकून बसला.

मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो पुरा होता. मी एकेक भाग बोटांनी चाचपला, नाक, भुवया, दोन्ही पापण्या, आणि तो वेड्यासारखा म्हणत राहिला, "आहे गं. आहे सगळं. आहे."

अल्विना जवळ आली नाही. ती उघड्या पेटीपाशी गेली, सांडलेली काडतुसं गवतातून वेचायला लागली. एकेक, खाली मान घालून. 

ती कडी शेवटी गावातल्या बंदूकवाल्याकडं निघाली. आतल्या पुंगळीचं बूड पसरून टोपी उडून गेली होती. तो म्हणाला, पुढचा बार या रायफलीनं सोसला नसता. रूबेनला ती पुंगळी दाखवायची गरज नव्हती. तरी बंदूकवाल्यानं दाखवली.

सोमवारी वॉल्टरची माती झाली. सॅलड अल्विनानंच केलं. घरी येऊन ती तळघरात उतरली आणि उरलेली काडतुसं फोडायला बसली. त्याचा एक पोकळ हातोडा असतो. त्यात काडतूस घालून आपटलं की गोळी आणि दारू आतच सुटी होतात. रूबेन गालावर पट्टी लावून तिच्यासमोर स्टुलावर बसला. मी जिन्यावर. कुणी कॉफी मागितली नाही. एरवी ज्याचं तोंड बंद होत नाही तो माणूस नुसता तिच्या हातांकडं बघत होता. ती आपटायची, दारू बशीत पाडायची, दाणे बोटानं पसरून बघायची. कुठं पिस्तुलाचे चपटे थोडे, कुठं जास्त. एकात जवळजवळ सगळेच चपटे निघाले. ती बशी तिनं त्याच्याकडं सरकवली. त्यानं बघितली आणि भिंतीकडं मान वळवली.

मग ती म्हणाली, "माझ्या हातचं भरलेलं पुन्हा घेशील का रे?"

मला वाटलं, तो काहीतरी गमतीचं बोलेल. त्यानं पट्टीवरून हात फिरवला.

"आज नको विचारू, अल्विना."

तिनं मान हलवली, आणि पुढचं काडतूस उचललं.