रेघ खाली येईना

धर्मापुरीच्या नागप्पा किराणावाल्यांची शिवांजली म्हणजे एक नंबरची हट्टी पोर! अंबाजोगाईत एम.एस्सी. केलं आणि पुण्याची नोकरी सोडून गावाजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आली. इथल्या स्पिरिटमध्ये काय काय दडलंय ते सांगणारं गॅस क्रोमॅटोग्राफ मशीन तिनंच साहेबांच्या मागं लागून आणवलं. आणि आज, दसरा होऊन आठवडा झाला नाही तोच, ते घेऊन जायला टेम्पो दारात उभा!

कारण? मशीनची रेघ. नमुना घातला नसेल तेव्हा पडद्यावर रेघ तळाशी निवांत पडलेली असावी. ही चढून बसली होती आभाळात. अशा मशीनवर तपासणी करायची म्हणजे आधीच झुकलेल्या तराजूत सोनं तोलायचं.

"संध्याकाळपतोर जमलं तर ठीक, न्हाई तर मशीन लातूरकडच्या युनिटला," मॅनेजर बबनरावांनी सांगून टाकलं. "पांढरा हत्ती काहून पोसायचा?"

शिवांजलीनं ओढणी कमरेला खोचली. नमुन्याची सुई जिथं टोचतात ती रबरी चकती बदलली. रेघ ढिम्म. मग मशीन थंड करून कॉलम, म्हणजे आतली लांबलचक बारीक नळी, डिटेक्टरपासून, म्हणजे ज्योतीत नमुना जाळून पारखणाऱ्या भागापासून सोडवली, तिथलं भोक बंद केलं आणि डिटेक्टरची ज्योत पुन्हा पेटवली. रेघ वरच! झालं, नळी सुटली संशयातून. डिटेक्टर घासूनपुसून लख्ख केला, ज्योतीला लागणाऱ्या हायड्रोजनचा सिलिंडर बदलला, तरी बया काही उतरेना.

"पोरी, नाद सोड," मदतनीस गहिनीनाथकाका म्हणाले. "लई छळतंय हे."

"सोडू कसा काका? चोर आता घावलाच! ज्योतीला जळायला हवा लागती. ऱ्हायली ती हवाच!"

हवा यायची मागच्या खोलीतल्या कॉम्प्रेसरमधून. तिनं ती जोडणी काढून शुद्ध हवेचा राखीव सिलिंडर लावला आणि पडद्याला डोळे चिकटवले. रेघ हलली. उतरली. अजून उतरली!

"काका, आली! खाली आली!" अहो, एम.एस्सी. झालेली बाई चक्क उड्या मारायला लागली.

तशीच पळत मागच्या खोलीत गेली. दार उघडताच घमघमाट. कापूर! कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो त्या जाळीला लागून कापराचा उघडा पुडा. कॉम्प्रेसर तापला की कापूर उडायचा, हवेबरोबर आत ओढला जायचा, ज्योतीत जाऊन जळायचा आणि रेघ वर चढवायचा. हवा साफ करणाऱ्या मधल्या गाळणीनं तरी किती दम धरावा!

मग तिचा चेहरा खर्रकन उतरला. खंडेनवमीला सगळ्यांनी मशीनपुढं पूजा मांडली, तेव्हा हीच ओरडली होती, "कापूर-धूप इथं न्हाई चालायचा, मशीन नाजूक हाय!" आणि कापराच्या पुड्यासकट पूजेचं ताट स्वतः उचलून कॉम्प्रेसरजवळ नेऊन ठेवलं होतं. काय म्हणावं या शहाणपणाला!

तेवढ्यात बबनराव दारात. "घावलं म्हणं? कुणाचा आगाऊपणा?"

मागोमाग आलेल्या गहिनीनाथकाकांनी दोष स्वतःच्या अंगावर घ्यायला तोंड उघडलंच होतं.

"माझा, साहेब," शिवांजली घाईनं बोलली. "कापूर मीच ठेवलता."

गेलं, मशीन बी गेलं आन् नोकरी बी, तिला वाटलं.

बबनराव खिडकीशी गेले आणि टेम्पोवाल्यावर खेकसले, "रिकामाच जा बे! मशीन हितंच ऱ्हाईल. जी पोरगी सोताच्या विरुद्ध साक्ष देती, तिचा रिपोर्ट कुणाच्या बापाला खोटा म्हणता यायचा न्हाई."