पडणारी मुलगी

मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत तिला तीनदा टाके पडले होते. हनुवटीला पलंगाच्या कडेने, भुवईला शाळेच्या बाकाने, गुडघ्याला सायकलने. शिवाय तळहातावर गरम तव्याचा डाग. बोईसरच्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यातला कंपाउंडर आम्हाला दारात बघूनच ड्रेसिंगचा ट्रे काढायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "लक्ष कुठे होतं तुझं?" मी दरवेळी विचारायचे. ती खरोखर आठवून बघायची आणि म्हणायची, "माहीत नाही."

आम्ही साताऱ्याकडचे. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टला, मी कुंभवलीजवळच्या दुसऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये. हात बाटल्यांवर आणि कान फोनकडे. शाळेचा नंबर दिसला की हातातली बाटली तशीच ठेवून बाहेर पळायचे. घरी आले तरी बसवत नसे. ती स्वयंपाकघरात गेली की मी मागे, गॅलरीत गेली की मी मागे.

एका रविवारी सुके बोंबील आणायला तिला घेऊन जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर गेले. पैसे काढायला हात सोडला, तेवढाच. वळून पाहिलं तर ती वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या टोकावर उभी होती. मी हाक मारेपर्यंत तिने उडी मारली. खाली दोर गुंडाळून ठेवलेला होता. पाय त्यात अडकला आणि सगळा भार मनगटावर आला.

बोंबील विकणारी कोळीण माझ्याआधी पोहोचली. तिने बांबूची कामटी लावून पदराच्या चिंधीने हात बांधला. मी पोरीवर ओरडत होते. कोळीण शांतपणे म्हणाली, "पोर वाईट नाय, बाय. तिचे पाय पुडं जातात न् डोकं मागून येतं."

पालघरच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मनगट पाहिलं, मग हनुवटी, भुवई, तळहात. तिला नर्सबरोबर एक्स-रेला पाठवलं आणि दार लोटलं.

"घरात कोणी मारतं का हिला?"

"नाही," मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याच तोंडून निघालं, "मी मारलंय. दोनदा. पडली म्हणून."

मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. पण त्या विचारत गेल्या. जागेवर बसते का? वही-डबा हरवते का? आपली पाळी येईपर्यंत थांबते का? सांगितलेलं अर्ध्यावर विसरते का? प्रत्येकाचं उत्तर मला पाठ होतं. एका मनोविकारतज्ज्ञांचं नाव लिहून देत त्या म्हणाल्या, "मी आत्ताच काही ठरवत नाही. पण काही मुलांना थांबायचा इशारा मेंदूकडून उशिरा मिळतो. अशी मुलं जास्त पडतात, भाजतात, रस्त्यावर धावतात. तो बेफिकीरपणा नसतो."

तज्ज्ञांकडे चार फेऱ्या झाल्या. तिच्या वर्गाच्या बाईंनी शाळेतून फॉर्म भरून दिला. निदान झालं एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला थांबवणं अवघड जाणं. मुलगी दंगा घालत नव्हती, नुसती पडत होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कारखान्यात कुणाचं बोट चिमटलं तर आम्ही आधी मशीनवरचं झाकण जागेवर होतं का ते बघतो. घरी मी इतकी वर्षं फक्त पोरीकडे बोट दाखवलं होतं.

मग पलंग भिंतीला लावला, गरम भांडी गॅसच्या मागच्या बर्नरवर ठेवायला लागलो. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही खांद्यावर हात ठेवून. रस्त्याच्या कडेला ती मोठ्याने म्हणते, "थांब. बघ. आता जा." काही महिन्यांनी गोळीही सुरू झाली. गोळीला नवरा तयार नव्हता. आमचं भांडण झालं, मग तोही एकदा डॉक्टरांशी बोलून आला.

ती अजून पडते. पण गेल्या वर्षभरात टाके पडले नाहीत.

परवा वेणी घालताना, एक पाय हलवत, तिने विचारलं, "मी मुद्दाम पडते असं तुला वाटायचं ना?"

"कधी कधी," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"मलापण तसंच वाटायचं," ती म्हणाली आणि अर्धी वेणी तशीच सोडून उठली. मी खांद्यावर हात ठेवला. ती बसली.