डॉक्टरणीचे टायर

मी जनावरांची डॉक्टर आहे. कणकवलीपासून वैभववाडीपर्यंतच्या वाड्यांतली जनावरं माझ्याकडे असतात. म्हणजे मीच त्यांच्याकडे जाते. म्हैस काही रिक्षात बसून येत नाही. त्यासाठी मी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली होती. चारही चाकं ओढतात, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मागच्या आषाढात घाटाच्या पायथ्याच्या एका चढावर चारही चाकं एकाच वेळी, अगदी एकमतानं, जागच्या जागी फिरली.

टायर डांबरी रस्त्याचे होते. त्यांच्या बारीक खाचांत तांबडी माती गच्च भरली आणि टायर पाटीसारखे गुळगुळीत झाले. गाडी मागे घसरत गटारात जाऊन बसली. वरच्या वाडीत एक म्हैस अडली होती, म्हणून मी बॅग घेऊन चालत निघाले. वर पोचले तेव्हा रेडकू पोटातच मेलं होतं. म्हैस तरी वाचेल असं वाटत होतं, पण संध्याकाळी तीही गेली. मालकीण म्हणाली, "तुमची गाडीच वर येवक नाय, तुमी तरी काय करतल्यात?" ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा केला. मी तो प्यायले.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, टायर बदलायचे. नवरा हायस्कुलात भूमिती शिकवतो. त्याला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे आपलं मत निःपक्षपाती असतं असं त्याचं म्हणणं आहे. त्यानं अभ्यास सुरू केला. जेवताना तो मोबाइलवर वाळवंटात रुतलेल्या परदेशी गाड्या बघू लागला. चार-सहा दिवसांनी त्यानं निकाल दिला: खास चिखलाचे, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर घ्यायचे. ते फिरता फिरता खाचांतली माती बाहेर फेकतात.

माझं मत वेगळं होतं. ते टायर डांबरावर गुणगुणतात, आणि ओल्या डांबरावर त्यांचा ब्रेक तितकासा लागत नाही. मला मधले, म्हणजे ऑल-टेरेन हवे होते.

"मी दिवसभर डांबरावरच असते," मी म्हटलं. "चिखल फक्त शेवटच्या टप्प्यात."

"म्हैस शेवटच्या टप्प्यातच असते ना?"

हे बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलला.

रविवारी फोंडाघाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो. दुकानदार मोठा उत्साही होता. तो सगळं नवऱ्याकडे बघून सांगत होता. साहेब, ही पकड बघा. साहेब, ही बाजूची भिंत बघा, दगड लागला तरी फाटणार नाही. साहेब मान डोलावत होते. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "साहेब, गाडी कुठं कुठं फिरवता?"

"मी नाही फिरवत," नवरा म्हणाला. "ही फिरवते. मी बसतो."

दुकानदार माझ्याकडे वळला. "म्याडम, तुमच्यासाठी मग पांढऱ्या अक्षरांचे दाखवू का? लय भारी दिसतात."

मी म्हटलं, आधी चिखलाचे टायर लावलेली एखादी गाडी चालवून बघू दे. त्याची स्वतःची गाडी तशीच होती. आम्ही हायवेला लागलो. वेग वाढला तसा खालून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येऊ लागला. शेजारी नवऱ्याचे ओठ हलताना दिसले.

"काय म्हणालास?" मी ओरडले.

"म्हटलं, आवाज तसा फार नाहीये!" तोही ओरडला.

आम्ही ऑल-टेरेन घेतले. मापानं किंचित उंच, म्हणजे गाडीचं पोट दगडाला लागणार नाही. उंच टायरनं वेगाचा काटा थोडा कमी दाखवतो, हे नवऱ्यानं वर्तुळाच्या परिघावरून दुकानदाराला समजावून सांगितलं. दुकानदारानं ते ऐकून घेतलं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर डावीकडचा टायर आतल्या प्लास्टिकला घासत होता. तेवढी कड कापून घेतली. स्टेपनीही त्याच मापाची घ्यायला लावली. पांढरी अक्षरं आतल्या बाजूला करून घेतली, कारण मला वाड्यांमध्ये जायचं असतं, वरातीत नाही. मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं. निघताना नवऱ्यानं हवा मोजायचं घड्याळ आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला. ते त्याचं खातं झालं.

गणपती झाले तरी पाऊस थांबेना. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी वैभववाडीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून फोन आला. म्हैस अडली होती. बाई म्हणाली, "पण रस्तो मोडलो आसा. टेम्पो पण येना नाय." नवरा मी न विचारताच गाडीत बसला.

डांबर संपलं तिथे त्यानं मला थांबवलं. छत्री मानेत धरून तो प्रत्येक चाकापाशी उकिडवा बसला आणि बत्तीसची हवा वीसवर आणली. टायरची पोटं जरा बाहेर आली. "आता पकड वाढेल," तो म्हणाला. मला घाई झाली होती. तरीही त्यानं चारही चाकं पुन्हा एकदा मोजली.

मी फोर-व्हील लो, म्हणजे हळू पण ताकदीनं ओढणारा जोड टाकून पहिल्या गिअरमध्ये चढ घेतला. गाडी एकदा डावीकडे सरकली, एकदा उजवीकडे. मडगार्डवर मातीची ढेकळं धडाधड आपटत होती. मधल्या वळणावर चाकं सुटली, मग कशाला तरी धरून गाडी पुढे निघाली. नवऱ्यानं दरवाजावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. वर पोचल्यावरही ती सोडायची त्याला आठवण नव्हती.

रेडकाची मान मागे वळलेली होती. हात घालून ती सरळ करता करता माझा खांदा भरून आला. पाय दोरीनं बांधून ओढायला नवरा आणि त्या बाईचा मुलगा असे दोघे होते. मुलगा चाकरमानी, मुंबईत नोकरीला, गणपतीला आलेला. म्हैस कळ देईल तेव्हाच ओढा, असं मी सांगितलं होतं, नवरा प्रत्येक वेळी "आता?" म्हणून विचारत होता. शेवटी पारडी, म्हणजे मादी रेडकू, बाहेर आली. हलेना. मी तिचं नाक साफ केलं, गवताची काडी घातली, छाती चोळली. ती शिंकली. नवऱ्यानं दोरी हातात तशीच ठेवून भिंतीकडे तोंड फिरवलं. चष्मा पुसायचा होता, असं तो नंतर म्हणाला.

हात धुऊन निघताना बाईनं मुलाला हाक मारली. "आता गाडी आसा. जा तू."

मुलाचा चेहरा उतरला. त्याची रजा संपून दोन दिवस झाले होते, आणि वाडीचा रस्ता बंद आहे असं त्यानं ऑफिसात कळवलं होतं.

"आये, रस्तो बंद आसा."

"बंद खंय आसा? डॉक्टरीण वर इली ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी टायरच्या खाचांतली माती काढू लागले. बाईनं तांदळाची पिशवी, सुकी मासळी आणि दोन नारळ मागे टाकले.

खाली डांबर लागल्यावर नवरा पंप घेऊन उतरला. कमी हवेत डांबरावर पळवलं तर टायर तापून खराब होतात. पंप लहान, टायर मोठे. वेळ लागत होता. चाकरमानी खिडकीतून म्हणाला, "सावकाश होवंदे, काका. घाई नाय."

वैभववाडी स्टेशनात पोचलो तेव्हा रेल्वे यायला अजून अवकाश होता. त्यानं सामान उतरवलं, मला नमस्कार केला आणि वाकून पुढचा टायर नीट निरखला.

"डॉक्टरीणबाय, ह्ये किती वर्सां टिकतत?"

"चार-पाच वर्षं तरी."

"बरां. म्हंजे पुढच्या गणपतीक पण रस्तो बंद नाय," तो म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून आत गेला.