पडवीतली फटफटी

"हळू बोला बाई, ऐकतायत हे," असं म्हणून वहिनी बोट ओठांवर ठेवायच्या. बोट ऑइलनं काळं झालेलं असायचं, त्यामुळे ओठाखाली एक डाग उमटायचा. तो तसाच घेऊन त्या दिवसभर घरात वावरायच्या. बाजारातही तशाच जायच्या. एकदा मी सांगितलं तेव्हा पदरानं पुसला, पण पदरही ऑइलचाच होता.

मी पोलादपूरला हायस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून आले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. ज्या घरात मला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, त्याच्याच दुसऱ्या भागात वहिनी राहत. पडवी दोघींना मिळून एक. माझी ट्रंक घेऊन मी पहिल्यांदा त्या पडवीत शिरले तेव्हा एक तिशी ओलांडलेली बाई गोणपाटावर बसलेली दिसली. समोर मोटारसायकल, मांडीपाशी पितळी परात, आणि परातीत रॉकेलमध्ये भिजत घातलेली चेन. मी विचारलं, मेकॅनिक कुठे गेलाय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खिडकीकडे मान वळवून म्हणाल्या, "मेकॅनिक आत झोपलेत."

आत त्यांचे यजमान होते. गावात सगळे त्यांना ओव्हरसियर म्हणत, कारण ते रस्त्याच्या कामांवर देखरेखीला असत. आंबेनळी घाटात एका वळणावर ट्रकनं त्यांना कडेला दाबलं होतं. मुंबईच्या इस्पितळात महिनोन्‌महिने काढून ते परत आले ते खाटेवरच. कमरेखालचं शरीर कायमचं गेलं होतं. फटफटीला मात्र फारसं काही झालं नव्हतं. ती एका ट्रकमधून त्यांच्या आधीच घरी पोचली होती. घरात आल्यावर त्यांचं पहिलं बोलणं तिच्याबद्दल होतं, असं वहिनी सांगायच्या. गाडी बंद राहता कामा नये, बंद राहिली की जाम होते, मी उठेपर्यंत ती चालू ठेवायची.

ते उठणार नाहीत हे डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. खुद्द ओव्हरसियरांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

अपघाताआधी ओव्हरसियर गाडीचं सगळं काम स्वतःच करत. दुसऱ्याचा हात तिला लागू देत नसत. वहिनींनी शेजारी बसून बॅटरी धरायची, सुटे भाग रॉकेलनं धुऊन द्यायचे, एवढंच. पान्याला हात लावला की ते ओरडत. बायकांनी आवळलं की आटे जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. आता त्याच बाईला त्यांनी खाटेवरून सगळं शिकवायला घेतलं. खाट खिडकीला लावलेली. पडल्या पडल्या खिडकीतून पडवी दिसत नव्हती, फक्त ऐकू यायची.

पण तुम्ही अंथरुणाला खिळलेलं माणूस पाहिलं असेल, तर त्याचे कान कसे होतात हे तुम्हाला ठाऊक असेल. दर रविवारी सकाळी वहिनी गोणपाट अंथरायच्या आणि आतून आवाज सुरू व्हायचा. एखादा नट फरशीवर पडला की लगेच, "काय पडला गो?"

"लहान नट."

"कुठला लहान?"

"साइड कव्हरचा."

"सापडला?"

"हातात हाय."

नट तेव्हा हातात नसायचाच. वहिनी एकीकडे उत्तरं देत गुडघ्यांवर रांगून तो शोधत असायच्या, आणि मीही माझ्या दारातून वाकून पाहत असायचे. सापडला की त्या माझ्याकडे बघून हसायच्या. आवाज न करता हसायची सवय त्यांना तेव्हाच लागलेली होती.

त्या खूप लवकर शिकल्या. इतक्या, की ओव्हरसियरांच्या सूचना मागे पडू लागल्या. गाडी एकदा अडखळत होती तेव्हा त्यांनी आतून कार्बोरेटर उघडायला लावला. वहिनींना चालू केल्याबरोबरच कळलं होतं की प्लगनं कार्बन धरलाय. त्यांनी प्लग काढला, पॉलिशपेपरनं घासला आणि परत बसवला. मग पाना घेऊन परातीवर थोडी ठोकाठोक केली, फुंकर मारली, आणि आत सांगितलं, कार्बोरेटर साफ झाला. गाडी लागली. आतून ओव्हरसियर समाधानानं म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"

मला त्याचा राग आला. वहिनींना नाही. "त्यांना नुसतं पडून काय वाटत असंल," एवढंच त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून मला दारापर्यंत घेऊन गेल्या आणि फट करून आत दाखवलं. बाहेर इंजिन चालूच होतं. ओव्हरसियर डोळे मिटून पडले होते. त्यांची उजवी मूठ पांघरुणावर वळलेली होती आणि हळूहळू पुढे-मागे फिरत होती, ॲक्सिलेटर दिल्यासारखी. मी तिथून मागे सरले. ते बघायला नको होतं असं वाटलं.

सुटे भाग आणायला वहिनी एस.टी.नं महाडला जायच्या. क्लचच्या प्लेटा जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घ्यायच्या, बाजूच्या बाईला वाटावं भाकरी आहेत. मीही एकदा बरोबर गेले. दुकानदारानं प्लेटा हातात घेतल्या आणि वहिनींना विचारलं, मेकॅनिकनं काय सांगितलंय? वहिनींनी कुठल्या मापाच्या प्लेटा हव्यात ते सांगितलं. दुकानदार म्हणाला, चुकीच्या नेल्या तर परत घेणार नाही, मालकांनाच पाठवा. वहिनी म्हणाल्या, मालकच बोलतायत असं समजा. येताना बसमध्ये त्या स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ खूश होत्या.

बाकी त्यांचा दिवस कसा जायचा ते मी भिंतीपलीकडून ऐकत होते. ओव्हरसियरांना उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, चादरी धुणं. मधल्या वेळात ब्लाउज शिवणं. मूलबाळ नव्हतं. माहेर होतं ते नाते या गावाला, महाडच्या पलीकडे. तिथं म्हातारी आई एकटीच. वहिनींचा जीव तिच्यात होता, पण जाणं व्हायचं नाही. एस.टी.नं महाड, तिथून दुसरी एस.टी., आणि तशीच उलटी वाट. सगळा दिवस मोडायचा. खाटेवरच्या माणसाला इतका वेळ एकटं कोण ठेवणार?

एकदा काम करता करता त्या पाना हातात धरून थांबल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, हिच्यावरनं गेलं तर दुपारच्या आत आईला भेटून परत येता येईल."

मी म्हटलं, मग शिका की चालवायला. तुम्हाला काय अवघड आहे?

त्यांनी ते मनावर घेतलं. बरेच दिवस मनातल्या मनात जुळवून एका रविवारी गाडी पुसून झाल्यावर त्या आत गेल्या. मी माझ्या खोलीत वह्या तपासत होते. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, इतकं ते हळू होतं. ओव्हरसियरांचं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

"चालू ठेव म्हटलंय. चालव म्हटलेलं नाय."

वहिनी बाहेर आल्या, परात उचलली, आणि रॉकेल अंगणाच्या कडेला ओतून दिलं. किल्ली ओव्हरसियरांच्या उशाखाली असायची, रविवारी तेवढी ते काढून द्यायचे आणि काम झालं की हात पुढे करायचे.

पुढच्या वर्षी आईचं दुखणं वाढलं. नाते गावचा एक माणूस बाजाराला आला होता. तो दुपारी पडवीत येऊन सांगून गेला, की म्हातारी लेकीला विचारतेय, आज येता आलं तर बघा. रविवार होता. गाडी सकाळीच साफ झाली होती, पहिल्याच किकला लागली होती. शाळेतल्या आमच्या चित्रकलेच्या सरांकडे स्वतःची गाडी नव्हती, पण त्यांना मोटारसायकल चालवता यायची. मी धावत जाऊन त्यांना घेऊन आले. ते वहिनींना नात्याला सोडायला तयार होते. मी ओव्हरसियरांपाशी थांबणार होते. सगळं ठरलं. फक्त किल्ली हवी होती.

ओव्हरसियरांनी ती दिली नाही.

दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची नाही, एस.टी. आहे, असं ते म्हणाले. मी आत गेले आणि जे काही सुचलं ते बोलले. आईची शेवटची वेळ असेल म्हटलं. तुमच्या बायकोनं तुमचं इतकं केलं, असंही म्हटलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण ही माझ्या घरातली गोष्ट हाय." आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. वळवता येण्यासारखं त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

वहिनी दारात उभ्या होत्या. किल्लीशिवाय ती गाडी चालू करणं त्यांना मुळीच अवघड नव्हतं. कुठली वायर कुठे जोडायची हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते आणि मी वहिनींकडे. त्यांनी साडी बदलली. पेज कुठे ठेवलीय, कुशीवर कधी वळवायचं, ते मला सांगितलं आणि स्टँडवर गेल्या.

एस.टी. उशिरा लागली. महाडला पोचल्या तेव्हा नात्याची एस.टी. निघून गेली होती. कुणाच्या तरी टेंपोतून, पुढे पायी, अशा त्या पोचल्या. अंगणात लोक जमलेले होते. आई त्यांची वाट बघून दिवस मावळताना गेली, असं शेजारणीनं सांगितलं. हे सगळं त्यांनी मला नंतर चार वाक्यांत सांगितलं, आणि पुन्हा कधी नाही.

आईचे दिवस करून त्या परत आल्या. तोवर मी आणि घरमालकीण मिळून ओव्हरसियरांचं बघत होतो. आल्यानंतरच्या रविवारी वहिनींनी नेहमीसारखं गोणपाट अंथरलं. ओव्हरसियरांनी किल्ली काढून दिली. आतून सूचना येत होत्या, बाहेरून उत्तर नव्हतं. साफसफाई झाल्यावर त्यांनी गाडी फिरवली. मागची बाजू, धुराचं नळकांडं, बरोबर खिडकीखाली आणलं. किक मारली, आणि ॲक्सिलेटर पिळून धरला.

दोन-स्ट्रोक गाडीचा धूर तुम्हाला माहीत असेल. पडवी निळी झाली. मग खिडकीतून तो आत जाऊ लागला. आतून आधी "बास" असं ऐकू आलं, मग "बास गो, बास", मग नुसता खोकला. मी बाहेर आले. वहिनी हँडल धरून उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरामुळेही असेल. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यांनी मूठ सोडली ती त्यांच्या वेळेला. गाडी बंद झाल्यावर इतकी शांतता झाली, की नदीवर धुणं आपटल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. त्या आत गेल्या. ओव्हरसियरांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, त्यांना पाणी पाजलं.

त्यानंतरही दर रविवारी काम झालंच. फक्त आतून सूचना येणं थांबलं. नट पडला तरी आतून कुणी विचारायचं नाही. तसं ते आणखी दोन-एक वर्षं जगले आणि एका पावसाळ्यात ताप येऊन गेले.

दिवसकार्याला मुंबईहून त्यांचे धाकटे भाऊ आले होते. तेराव्याची जेवणं उरकल्यावर ते पडवीत गेले, गाडीभोवती फिरले, टाकीवर हात फिरवला. किल्ली मागून घेतली आणि किक मारली. गाडी लगेच लागली. जमलेल्या लोकांकडे बघून ते म्हणाले, "काय कंडिशन ठेवलीय बघा दादानं. खाटेवर पडून. कमाल हाय." लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माणूस जिद्दीचाच होता. वहिनी पत्रावळी गोळा करत होत्या. त्या गोळा करतच राहिल्या.

भावानं गाडी नेली. दादाची आठवण म्हणून नेतो, असं म्हणाले. वहिनींना विचारलं नाही, आणि वहिनींनी अडवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा आले, एस.टी.नं. गाडी बंद पडली होती. मुंबईत गॅरेजवाल्यांनी प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर बदलला, पण उपयोग नाही. दादा काय करायचा, काही सांगून गेला होता का, असं ते विचारत होते. वहिनींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"सगळं यांच्या डोक्यात होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं."

भाऊजी चहा पिऊन गेले. मी विचारलं, खरंच तुम्हाला सुचलं नाही काय झालं असेल ते?

वहिनी शिलाईच्या कापडावर खडूनं रेघ मारत होत्या. "टाकीखाली एक वायर हाय," त्या म्हणाल्या. "अपघातात तिथं दांडी दबलीय, वायर तिला घासून उघडी पडते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. दरसाल पावसाच्या आधी मी बदलायचे." आणि कात्री उचलून त्यांनी कापड कापायला घेतलं.

त्याच वर्षी माझी बदली झाली. पुढे एकदा मुद्दाम वाट वाकडी करून मी त्यांना भेटायला गेले. पडवीत आता शिलाईचं मशीन होतं. वहिनी वाळल्या होत्या. नखं मात्र स्वच्छ होती, ती बघून मला उगाचच परक्या घरात आल्यासारखं वाटलं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की भाऊजींनी गाडी भंगारात घातली. मुंबईहून कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं.

मला वाटलं होतं त्या हसतील. नाहीतर सुटले म्हणतील. त्या बाहेर रस्त्याकडे बघू लागल्या.

"इंजिन चांगलं होतं हो तिचं," त्या म्हणाल्या. "इंजिनाला काय नव्हतं झालं."

मग उठून त्या चहा ठेवायला आत गेल्या. बराच वेळ झाला तरी आतून भांड्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर मी पोलादपूरला गेले तेव्हा त्यांच्या भागात दुसरं बिऱ्हाड आलं होतं. वहिनी कुठे गेल्या, हे त्या लोकांना सांगता आलं नाही. इथं कुणी ओव्हरसियर राहायचे, एवढं त्यांनी ऐकलं होतं.