चटका न लागणारा हात

नववीला ऊतींचा धडा आला की मी वर्गात ज्वारीची भाकरी घेऊन जायचो. वरचा पापुद्रा सोलून दाखवायचो. हा पापुद्रा म्हणजे बाह्यत्वचा, खालचा जाड भाग म्हणजे अंतस्त्वचा. पापुद्र्याच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी, खालच्या भागात घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं आणि स्पर्श ओळखणारी चेतातंतूंची टोकं. मग एकाला पुढे बोलवून डोळे मिटायला लावायचे, हाताला दोन पेन्सिलींची टोकं टेकवायची आणि विचारायचं, “एक की दोन?” वर्ग खूश. वीसेक वर्षं हा प्रयोग मी केला. शेकडो हात तपासले म्हणा ना. एक सोडून.

तो एक हात माझ्या वहिनीचा. वर्गात नेलेल्या भाकऱ्याही तिच्याच. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. थोरल्या भावाच्या, दादाच्या, बायकोने, म्हणजे वहिनीने, मला वाढवलं. आमच्या कुंभारी गावातल्या घरात थर्मामीटर नव्हता. वहिनी कपाळाला हात लावायची आणि सांगायची, “कणकण हाय, आज शाळंला जायाचं न्हाय.” तो हात कधी चुकला नाही. मी शिकलो, मास्तर झालो, शहरात, जुळे सोलापूर भागात, फ्लॅट घेतला. ती तिथेच राहिली. दर पंधरवड्याला दादाबरोबर कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा पाठवत राहिली.

चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हातावर, कोपराखाली, फिकट डाग उठला. शेजारच्या लग्नघरी बायका भाकऱ्या थापायला जमल्या होत्या. वहिनीचा हात गावात नावाजलेला, म्हणून तिला मानाने बोलावलं होतं. परातीशी बसल्यावर कुणीतरी डाग पाहिला आणि तिला उठवलं. ती पिठाच्या हाताने तशीच घरी आली. दादाचा फोन आला आणि माझं डोकं फिरलं.

रविवारी स्कूटर काढून गेलो. वर्ग नसला तरी शिकवायची खोड मला आहेच, त्यात राग. अंगणात बायकांना बसवलं आणि तासभर धडा दिला. हे कोड आहे, रंगाच्या पेशी काम करेनाशा झाल्या की कातडी पांढरी पडते, कोड शिवून लागत नाही, एका परातीत थापून लागत नाही, तुम्ही कुठल्या जमान्यात राहता? एक म्हातारी म्हणाली, “मास्तर एवढं सांगत्यात म्हंजी खरंच असंल की.” पुढच्या कार्यात वहिनी पुन्हा परातीशी बसली. मी फुशारकीने घरी आलो. बायकोला दोनदा सगळं ऐकवलं.

मी सांगितलं त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. फक्त ते कोड नव्हतं.

कोड दुधासारखं पांढरं असतं. वहिनीचा डाग तांबूस फिकट होता, कोरडा, भर उन्हात घाम न येणारा. मी तो चष्म्यातून, उभ्याउभ्या पाहिला. शिवून काही होत नाही असं गावाला ओरडून सांगितलं, आणि स्वतः बोटसुद्धा लावलं नाही.

पुढे वहिनीच्या हाताची आणखी तारीफ व्हायला लागली. तव्यावरची भाकरी ती पूर्वीही बोटांनीच उलटायची. आता ती भाकरी तापल्या तव्यावर दाबून धरायची आणि बोलता बोलता हात तसाच ठेवायची. “तुझ्या वैनीचा हात शिजलाय,” दादा म्हणायचा. मी घरी येऊन बायकोला उलथनं वापरते म्हणून चिडवायचो. ती एकदा वैतागून म्हणाली, “मला चटका लागतो. त्यात माझं काय चुकलं?” मी हसलो. अंतस्त्वचेतली चेतातंतूंची टोकं शिकवणारा माणूस त्यावर हसला.

मग भाकऱ्यांच्या कडा बिघडायला लागल्या. गोल भाकरीला एका बाजूला दोन खळगे. ज्वारी जुनी असेल, असं म्हणून मी खात राहिलो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं, आणि ती हात पदराखाली ठेवत होती.

आरोग्याची माहिती घेत घरोघर फिरणारी बाई त्याआधी येऊन गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. अंगावर डाग आहे का, असं तिने विचारलं होतं. वहिनीने तिला दारातूनच परत पाठवलं. “आमचं भावजी सायन्सचं मास्तर हायत. त्यांनी बगितलंय. कोड हाय.” त्या बाईने मास्तरावर विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी दुसरीच बाई आली, ती मात्र शहाणी निघाली. तिने काही न विचारता पेनचं टोक डागाला लावलं आणि दादाला म्हणाली, उद्याच्या उद्या दवाखान्यात या.

मीही गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कापसाची वात केली आणि वहिनीला डोळे मिटायला सांगितले. “लागलं की सांगा, आजी.” त्यांनी डागाला वात लावली, तळहाताच्या कडेला लावली, करंगळीला लावली. मी मोजत होतो. सातव्यांदा लावल्यावर वहिनी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “अजून सुरू न्हाय केलं व्हय?”

कुष्ठरोग. डॉक्टर शांतपणे सांगत होते. गोळ्यांनी रोग बरा होईल, गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागायची भीती राहत नाही. पण मेलेली नस परत येणार नाही. दोन वर्षं आधी आला असता तर बोटं वाचली असती. मग सहज मला म्हणाले, “तुम्ही काय करता?”

“शिक्षक आहे.”

“कोणता विषय?”

“गणित,” मी म्हणालो.

वहिनीने डोळे उघडले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर नीट केला. ती तिथे बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. रोग गेला, बोटं वळलेली राहिली. भाकरी थापायला तळहात सपाट लागतो, तो आता होत नाही. मी दोनदा तिच्यापुढे हात जोडले. “असू द्या की भावजी, तुमी मुद्दाम का केलं?” एवढंच ती म्हणते. मला ते ऐकवत नाही. धडा मी अजून शिकवतो, भाकरी नेत नाही. पेन्सिलीही नेत नाही.

गेल्या महिन्यात कुंभारीला गेलो तेव्हा अंग मोडून आलं होतं. पडवीत आडवा झालो. वहिनी आली, शेजारी बसली आणि सवयीने उजवा हात माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. हलवला, पुन्हा ठेवला. मग आत हाक मारली, “अवो, जरा हिकडं या. भावजीला ताप हाय का बगा. मला समजंना झालंय.”

दादा हात पुसत आला. ताप होता.