अपूर्वा निसळ यांची रुजुवात

सावेडी उपनगरात राहणाऱ्या अपूर्वा निसळ यांच्याविषयी अकोले तालुक्यातल्या एका दूध संघात आजही दोन मते आहेत. त्यांनी संघाला एका धोक्यातून वाचवले, असे काही जण म्हणतात. इतरांच्या मते त्या धोक्याची त्यांना आधीपासून कल्पना असली पाहिजे. दोन्ही मतांची माणसे दुपारी एकाच टेबलावर डबा खातात. मी त्यांच्याशी वेगवेगळे बोललो. जेथे त्यांचे सांगणे जुळत नाही, तेथे तसे नोंदवले आहे.

अपूर्वाताई संघाचे सॉफ्टवेअर कंत्राटावर, घरी बसून सांभाळतात. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधाचे वजन आणि फॅट यंत्रावर मोजले जाते. ते आकडे यंत्राच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि संघाचे सॉफ्टवेअर ते तेथून आणते. आकडे आले की केंद्राला पोच मिळते, आणि पोच नसेल तर टँकर दूध उचलत नाही. हे सॉफ्टवेअर संघाच्या कार्यालयातल्याच एका संगणकावर, पण कंटेनरमध्ये चालते. कंटेनर म्हणजे लागेल ते सगळे आपल्याबरोबर बाळगणारा बंद डबा. कोणाच्या सहीचे प्रमाणपत्र खरे मानायचे, याची यादीही त्याच्या आतच असते. समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर यादीतल्या कोणाची सही नसेल, तर कंटेनर त्याच्याशी बोलत नाही. कार्यालयातल्या बाकीच्या संगणकांना ती सही ओळखीची असली, तरी डब्याला त्याचे सोयरसुतक नसते. ही यादी अपूर्वाताईंच्या ताब्यात होती.

त्यांचा स्वभाव संशयी आहे, हे त्यांचे मित्रही नाकारत नाहीत. घरी गॅसची टाकी घेऊन नवा माणूस आला, तर त्या एजन्सीला फोन करतात, आणि तोही त्या माणसाने दिलेल्या नंबरावर नव्हे. ही सवय बहुधा वडिलांकडून आलेली असावी. नृसिंहराव निसळ सरकारी कचेरीत नकला देण्याच्या विभागात कारकून होते. नक्कल तयार झाली की तिची रुजुवात व्हायची: एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत ऐकायचे. "वाचणारा नि ऐकणारा एकच असेल, तर ती रुजुवात नव्हे, करमणूक," असे नृसिंहराव अजूनही म्हणतात.

गेल्या वर्षी संघाने पुण्याच्या एका एजन्सीकडून कार्यालयाच्या इंटरनेटच्या वाटेवर सुरक्षेचे एक उपकरण बसवून घेतले. येणारी-जाणारी माहिती ते उघडून पाहते आणि पुन्हा बंद करताना तिच्यावर स्वतःची सही करते. एजन्सीचा अभियंता राजस याने कार्यालयातल्या सगळ्या संगणकांना ही नवी सही ओळखायला शिकवले. कंटेनरविषयी त्याला कोणी सांगितलेच नाही, की सांगूनही तो विसरला, याबाबत एकमत नाही. परिणाम मात्र वादातीत आहे. राजस पुण्याला परतला. दुसऱ्या दिवशी सकाळचे दूध केंद्रांच्या टाक्यांत पडले आणि पोच येईना.

पहिला फोन राजूर केंद्राच्या सहादेव यांचा आला.

"ताई, टाकी गच्च हाय. टँकरवाला म्हनतो पोच दाखव. सांजचं दूध कुठं वतू मी? सावेडीला घेऊन येऊ का? तुमच्या टेरेसवर टाकी असंल की."

"सहादेवभाऊ, संध्याकाळच्या आत करते."

"सांज काय तुमच्यासाठी थांबनार हाय व्हय?"

त्यापाठोपाठ संघाचे व्यवस्थापक सुनीलराव वाकचौरे यांचा फोन आला. "मॅडम, ऑफिसात समदं चालतंय. माझं चालतंय, ज्योतीताईंचं चालतंय. फक्त तुमचंच कसं अडतं?"

अडण्याचे कारण अपूर्वाताईंना ठाऊक होते. उपकरणाचे प्रमाणपत्र कंटेनरच्या यादीत घालायला हवे होते. राजसने ते लगेच व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवले. खाली त्याचा ठसाही लिहिला होता. ठसा म्हणजे अंक आणि अक्षरांच्या जोड्यांची लांबलचक माळ. प्रमाणपत्र बदलले की ती बदलते. तेवढे यादीत घातले की काम संपणार होते. पण या यादीत शिरणारी सही साधी नसते. तिची गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल, तो वाटेत बसून यंत्राच्या कंपनीचा मुखवटा चढवू शकतो आणि कोणाच्याही दुधाचे फॅट बदलू शकतो. अशी सही मोबाईलवर आली म्हणून आत घ्यायला अपूर्वाताई तयार नव्हत्या.

त्यांनी संघाच्या लेखा विभागातल्या ज्योतीताईंना उपकरणावरचा ठसा वाचून दाखवायला सांगितले. ज्योतीताईंनी तो वाचला आणि अपूर्वाताईंनी आपल्याकडच्या फाईलवर बोट ठेवून ऐकला. शेवटच्या अक्षरापर्यंत ठसा जुळला.

सुनीलराव लाईनवरच होते. "झालं समाधान? घाला आता."

त्या घालणारच होत्या. पण वाचन चालू असताना मागे कपबशांचा आवाज येत होता, आणि उपकरण ज्या खोलीत आहे तिथे पंख्यांच्या घरघरीत स्वतःचे बोलणेही ऐकू येत नाही.

"ज्योतीताई, कुठून वाचलंत?"

"मोबाईलवरून की. राजससरांनी पाठवलंय तेच. त्या खोलीत रेंज कुठं असते!"

"म्हणजे मी त्यांची नक्कल त्यांच्याच नकलेशी ताडून पाहिली."

"अगं बाई, मग ती जुळणारच ना?" ज्योतीताई म्हणाल्या. या वाक्यावर आपण हसलो होतो, असे त्या सांगतात. तेव्हा कोणीही हसले नव्हते, असे सुनीलराव सांगतात.

सुनीलरावांचा तोल मात्र गेला. "मॅडम, एक इचारू? तुमचा मावसभाऊ ज्या कंपनीत हाय, तिनंबी या उपकरणाचं टेंडर भरलं हुतं. तिला काम मिळालं न्हाई. म्हणून तर हे चाललं न्हाई ना?"

मावसभाऊ त्या कंपनीत आहे, हे खरे आहे. मी खात्री करून घेतली आहे. अपूर्वाताईंनीही ते नाकारले नाही.

"आहे तो तिथे. म्हणूनच तुम्हीही माझ्या शब्दावर जाऊ नका. त्या खोलीत जाऊन पाहा."

या संभाषणात आता राजसही सामील झाला होता. "मॅडम, इतकं कशाला? कंटेनरची तपासणीच तात्पुरती बंद करा ना. दूध जाऊ दे, मग परत चालू करू."

"तात्पुरती बंद केलेली तपासणी कोणी परत चालू केलेली मी अजून पाहिली नाही."

"राजूरचं दूध नासलं," सुनीलराव म्हणाले, "तर तुमचं कंत्राट बी त्याच्यासंगं नासलं म्हणून समजा."

एवढे बोलूनही त्यांनी फोन ठेवला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्योतीताई उपकरणाच्या खोलीत गेल्या. मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून त्यांनी लँडलाईनचा रिसीव्हर तार ताणून दारापर्यंत आणला. पडद्यावरचा ठसा वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच जोडीला अपूर्वाताईंनी थांबवले.

"परत वाचा."

ज्योतीताईंनी परत वाचले. जुळत नव्हते. पुढची जोडीही जुळली नाही.

मग राजस म्हणाला, की त्याच्या मोबाईलमध्ये डेमोच्या उपकरणाचेही प्रमाणपत्र होते, आणि घाईत तेच पाठवले गेले. डेमोचे उपकरण म्हणजे एजन्सीचे लोक गिऱ्हाइकांना दाखवायला गावोगाव नेतात ते. त्याची किल्ली त्याच्याच पोटात असते आणि ते कोणाच्या ना कोणाच्या गाडीच्या डिकीत पडलेले असते.

राजसचा खुलासा खरा असू शकतो. तो खोटा असल्याचा पुरावा मला मिळालेला नाही. तो खरा असल्याचाही मिळालेला नाही. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. ते प्रमाणपत्र यादीत घालूनही पोच सुरू झाली नसती, कारण ते या उपकरणाचे नव्हतेच. मग घाईघाईत तपासणीच बंद केली गेली असती, आणि निरुपयोगी ठरलेली ती सही यादीत तशीच राहिली असती. जे चालत नाही ते काढून टाकायची आठवण सहसा कोणाला राहत नाही.

ज्योतीताईंनी खरे प्रमाणपत्र उपकरणातूनच उतरवून मेलने पाठवले. अपूर्वाताईंनी यादी नवी केली. पण कंटेनर सुरू करण्याआधी त्यांनी रुजुवातीची बाजू उलटी केली. "आता मी माझ्या यादीतलं वाचते. तुम्ही पडद्यावर बघा. चुकलं तर मध्येच ओरडा."

"आता हे कशाला?" सुनीलराव म्हणाले.

"मगाशी तुम्ही मला मावसभावाचं विचारलंत ना, म्हणून."

ठसा जुळला. कंटेनर सुरू झाला आणि थोड्या वेळाने राजूरहून फोन आला. "आली बरं का पोच! टँकर लागलाय. दूध घालाया आलेल्या दोघी-तिघी कंटाळून ते माघारी घेऊन गेल्या, त्या मला शिव्या देत्यात. तुमच्या वाट्याच्या शिव्या बी मीच खातोय, ध्यानात ठेवा."

सुनीलरावांनी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला: यादीतला कोणताही बदल एकट्या अपूर्वाताईंनी करायचा नाही, ज्योतीताईंनी उपकरणासमोर उभे राहून रुजुवात केल्यावरच तो लागू होईल. नियमाचे कारण मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "चूक तिनं धरली, हे खरं. पण कुठं बघायचं हे तिला बरोबर ठावं हुतं. ज्याला कुलूप कुठं कच्चं हाय ते कळतं, त्याच्या एकट्याच्या हाती किल्ली ठेवू नये."

अपूर्वाताईंना मी हे जसेच्या तसे सांगितले. असा नियम आपण स्वतःच मागणार होतो, त्यामुळे वाईट वाटण्याचा प्रश्नच नाही, असे त्या म्हणाल्या. कंत्राट टिकले आहे. पूर्वी राजूरचे फोन थेट त्यांना येत. आता ते आधी ज्योतीताईंना जातात, आणि सहादेवची थट्टाही अपूर्वाताईंपर्यंत दुसऱ्याच्या तोंडून पोहोचते. वाईट वाटले नाही, हे त्यांचे म्हणणे मी येथे त्यांनी सांगितले तसे नोंदवले आहे. त्याची खातरजमा करण्याचा मार्ग मला सापडलेला नाही.