नऊ नंबरचे सहा टाके

टेलरमास्तरांची खोली हॉकीच्या मैदानाला लागून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या बरोबर खाली होती. वर माणसं उठून नाचायला लागली की खाली छताची धूळ शिलाई मशीनवर पडायची, आणि मास्तर फडकं मारत म्हणायचे, "झाला वाटतं गोल." पंचवीस वर्षं त्यांनी क्लबच्या जर्स्या शिवल्या, पण अख्ख्या मॅच बघितल्या असतील चार-पाच. बाकीच्या त्यांना धुळीवरून कळायच्या.

स्वभाव विचाराल तर तिरसट. लीगमधल्या बाकीच्या सात क्लबांनी छापील नंबर कधीच आणले होते. जर्सीवर ठेवायचा, गरम इस्त्रीनं दाबायचा, काम तमाम. कुणी ती जर्सी कौतुकानं दाखवायला आणली की मास्तर दोन बोटांत धरून बघायचे आणि परत करायचे. "दहा धुण्यांत तुमच्या आठाचा तीन होतो," म्हणायचे. "मग पंचांनी शिटी कुणासाठी वाजवायची?"

त्यांची स्वतःची रीत अशी. क्लबची मुलींची टीम निघाली तेव्हा त्यांनी जाड पांढऱ्या कापडाचे आकडे स्वतःच्या हातानं कापले, दुहेरी शिवणीनं पक्के केले. निळी जर्सी दोन-तीन सीझनमध्ये विटते, विरते. आकडा टिकतो. तो अलगद उसवायचा आणि नव्या जर्सीवर चढवायचा. एक खेळाडू गेली, दुसरी आली, तरी आकडा तोच. आणि नवी मुलगी आली की आकड्याच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, लाल दोऱ्याचा एक टाका. ज्वारीच्या दाण्याएवढा. हे मास्तरांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी, तर सांगणार काय कपाळ!

नऊ नंबरच्या मागे सहा टाके होते. सहावा कप्तानचा. चौदा वर्षं ती तो नंबर घालून खेळली आणि समोरच्या गोलकीपरांची झोप उडवली. पाचवा टाका मास्तरांच्या मुलीचा.

हो, मास्तरांची मुलगी एक सीझन नऊ नंबर होती. एकही मिनिट मैदानात उतरली नाही. अख्खा सीझन बाकावर, वरून ट्रॅकसूटचं जाकीट, त्यामुळे तिच्या पाठीवरचा नऊ कुणी पाहिलाही नाही. पण सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. पुढच्या वर्षी एक सतरा वर्षांची मुलगी चाचणीला आली, तिनं चेंडूला जी काठी लावली ती बघून कोच म्हणाले, नऊ हिला द्या. त्याच दुपारी मास्तरांनी आपल्या मुलीच्या जर्सीवरून आकडा उसवला आणि नवीच्या जर्सीवर शिवला. टाका नेहमीसारखाच सरळ आला. घरी जेवण मात्र गेलं नाही, आणि बायकोनं आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

आता कप्ताननं खेळ सोडला होता, आणि लीगचं पत्र आलं. नऊ नंबर कायमचा निवृत्त. आठही क्लबांत यापुढे तो कुणालाही मिळणार नाही. कप्तानची शेवटची जर्सी काचेच्या चौकटीत घालून क्लबच्या भिंतीवर लावायची. रविवारी समारंभ, तिथेच कप्ताननं कागदावर सही करायची की झालं.

चहाच्या दुकानात दोन तट पडले. पोस्टमन म्हणाला, असा मान द्यायलाच हवा, उद्या कुणी सोम्यागोम्या नऊ घालून चेंडू अडवायला चुकला तर बघवेल का? न्हावी म्हणाला, "अहो, असेच थोर लोक निवृत्त होत गेले तर आपल्या नातवंडांच्या पाठीवर एकशे सत्तावीस येईल! पाठ तरी पुरेल का?" मास्तर बशीत चहा ओतत गप्प होते. एरवी लिंबाच्या भावावरसुद्धा भांडणारा माणूस गप्प बसला म्हणून न्हाव्यानं दोनदा विचारलंही, तब्येत बरी आहे ना?

तब्येत बरी होती. खुपत होतं ते वेगळंच. काचेत गेला की तो नंबर एकटीचा होणार. खाली पितळी पट्टीवर नाव एकीचं. मागच्या पाच जणी भिंतीला तोंड करून कायमच्या बसणार, आणि त्यात त्यांची पोर. पहिल्यांदा बाकावर बसवली, आता भिंतीकडे तोंड करून.

घरी मुलगी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून परतली, तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, नऊ नंबर काचेत चाललाय, तुला काय वाटतं? ती हसली. "बाबा, राहू द्या हो. कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय," मास्तर म्हणाले.

"मलाही," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. त्या बाईंनी पातेलं असं आपटलं की विषय तिथेच थांबला.

शनिवारी क्लबचे सेक्रेटरी जर्सी न्यायला आले, चौकट करणारा वाट बघतोय म्हणाले. मास्तरांनी जर्सी घडी करून काखोटीला मारली. "आधी जिची आहे तिला दाखवतो."

"मास्तर, पत्र लीगचं आहे!"

"असेल. दोरा माझा आहे." आणि निघालेच. सेक्रेटरींचा आ वासलेला तसाच राहिला.

कप्तान घरी गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. मास्तर दाराशीच म्हणाले, "तुझ्याशी वाद घालायला आलो नाहीये. मान तुझ्या हक्काचा आहे. तुझ्याइतकी कुणी खेळली नाही, आणि तुझी जर्सी मी शिवली हे मी परक्या माणसाला थांबवून सांगतो."

"मग हवाच आहे मला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? दोन्ही गुडघे घालवलेत त्यापायी."

"घे ना. फक्त काच बसायच्या आधी मागची बाजू बघ."

त्यांनी खिशातून बारीक कात्री काढली, आकड्याच्या खालच्या कडेचे चार टाके उसवले आणि कापड उलटून धरलं. कप्ताननं बोटानं मोजलं. सहा. मास्तरांनी समजावून सांगितलं. पहिली सात मॅच खेळली आणि मनगट मोडून घेतलं. दुसरी चार वर्षं राबली, मग नोकरीसाठी परगावी गेली. तिसरीला जुळी झाली. चौथी चेंडूपेक्षा पंचांच्याच मागे जास्त धावायची.

"माझा कुठला?"

"शेवटचा."

"एवढाच?" तिचा चेहरा उतरला. "चौदा वर्षं, आणि एवढाच?"

"सगळ्यांचा एवढाच असतो."

"आणि हा पाचवा?"

"माझी मुलगी."

कप्तान बघतच राहिली. "चष्म्याच्या दुकानातली? ती खेळायची?"

हे मात्र मास्तरांना झोंबलं. चौदा वर्षं जिच्या खांद्याचं माप ते पाठ म्हणून दाखवू शकत होते, तिला त्यांच्या पोरीचं एवढंही माहीत नव्हतं. "खेळायला मिळालं नाही," ते म्हणाले. "सराव मात्र एक दिवस चुकवला नाही. तू आलीस आणि मी तिचा नंबर उसवून तुला दिला. चूक नव्हती ती. परत वेळ आली तरी तुलाच देईन."

कप्तान त्या पाचव्या टाक्यावरून बोट फिरवत राहिली. बर्फ वितळून फरशीवर ओघळ आला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग एवढंच म्हणाली, "जर्सी ठेवून जा. आणि उद्या कात्री घेऊन या."

कात्री कशाला, हे विचारायचं मास्तरांच्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. उत्तर नको असलेलं निघालं तर?

रविवारी पायऱ्या गच्च भरल्या. मैदानात टेबल, टेबलावर कागद, रिकामी चौकट आणि जर्सी. लीगच्या अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं, इतकं की पोस्टमननं एक डुलकी काढली. समोर मांडलेल्या खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत मास्तरांची बायको ठेवणीतले कपडे घालून, आणि शेजारी मुलगी, मांडीवर पर्स घट्ट धरून.

कप्ताननं माईक घेतला. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काल दुपारपर्यंत मला हा नंबर काचेत हवा होता," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर थोडा अजूनही हवा आहे. मास्तर, या इकडे. उसवा."

सेक्रेटरी अर्धे उठले. अध्यक्षांनी घसा खाकरला. पण मास्तर कात्री घेऊन पोचलेसुद्धा. हजार माणसांसमोर त्यांनी आपला स्वतःचा दुहेरी टाका उसवायला घेतला, आणि तो इतका पक्का निघाला की पंधरा मिनिटं गेली. मास्तरांना तर मनातून गुदगुल्या होत होत्या. बघा म्हणावं छापीलवाल्यांनो!

आकडा सुटला तेव्हा खालचा मूळ निळा रंग दिसला. तीन सीझनच्या उन्हानं बाकी जर्सी विटून राखाडी झाली होती, आणि मध्ये एक गडद निळा नऊ, नव्या कापडासारखा.

"ही चौकटीत लावा," कप्तान म्हणाली. "माझा नऊ हा. उन्हानं काढलेला, दुसऱ्या कुणाला घालता यायचा नाही. आणि हा पांढरा पुढच्या मुलीला जाईल. लीगचा मान मोठा आहे, पण मी सही करणार नाही. माझ्याआधी पाच जणी होत्या. माझ्यानंतर कुणी नसेल तर मी शेवटची ठरते, आणि मला शेवटची व्हायचं नाहीये."

मग तिनं पांढरा आकडा उलटा केला आणि एकेका लाल टाक्यावर बोट ठेवत सांगत गेली. मनगटवाली. परगावी गेलेली. जुळ्यांची आई. पंचांची वैरीण, यावर हशा पिकला. पायऱ्यांवर आता कुणी हलत नव्हतं.

"पाचवी," ती म्हणाली, "अख्खा सीझन बाकावर बसली. मैदानात एक मिनिट नाही. सरावाला एक दिवस चुकली नाही. तिची जागा मी घेतली, आणि काल दुपारपर्यंत मला ते माहीत नव्हतं."

तिसऱ्या रांगेत मास्तरांची बायको खुर्चीवर चढली. या वयात, ठेवणीतल्या कपड्यांत, चपलांसकट.

"ती आमची!" तिनं ओरडून सांगितलं. माईकची गरजच पडली नाही. "ही बघा, ही! आमची आहे ती!"

"आई, खाली बस ना," मुलगी पुटपुटली, आणि आईचा हात धरून स्वतः उठून उभी राहिली.